चुलीमागे एक विळा

आमच्या गावच्या डोंगरावर पुन्हा झाडं कशी आली, हे विचारायला अजूनही कुणी ना कुणी येतं. मी त्यांना चर दाखवतो, सीताफळाची झुडपं दाखवतो, पायथ्याच्या विहिरीत डोकवायला लावतो. ते लिहून घेतात, चहा घेतात आणि फाट्यावर जाऊन एस.टी.ची वाट बघत बसतात. चुलींबद्दल कुणी विचारत नाही आणि मीही आपण होऊन सांगत नाही. खरं म्हणजे या सगळ्यात आमच्याच गावचं म्हणावं असं तेवढंच आहे. चर काय, सगळीकडेच खणतात.

गाव सिन्नर तालुक्यातलं, पावसाच्या वाटणीत नेहमी शेवटी बसणारं. मी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात भांडार विभागात कारकून होतो. सकाळी सायकलीने फाटा गाठायचा, तिथून एस.टी.ने नाशिकरोड, तिथून पुढे एकलहरे. संध्याकाळी तोच प्रवास उलटा. केंद्रात माझं काम एवढंच की कुठली वस्तू कुणाला, किती आणि कुठल्या चिठ्ठीवर दिली ते लिहून ठेवायचं. त्यामुळे जगातला कुठलाही प्रश्न नीट नियम केला आणि वहीत लिहिला की सुटतो, असं माझं मत झालं होतं. गावातही इस्त्रीचा सदरा घालणारा म्हणून लोक मला शहाणा समजत. त्या बाबतीत माझं आणि लोकांचं एकमत होतं.

घरात मी, माझी बायको, दोन मुलं आणि आक्का. आक्का माझ्याहून तीन वर्षांनी मोठी बहीण. तिच्या नवऱ्याने दुसरी बायको आणली तेव्हा ती एक पत्र्याची पेटी आणि शेळीचं एक पिल्लू घेऊन परत आली. नवऱ्याशी भांडली नाही आणि आमच्यापाशी रडलीही नाही. पडवीच्या खांबाला तिने ते पिल्लू बांधलं आणि दुसऱ्या दिवसापासून आमच्या शेतात निंदायला लागली. त्या एका पिल्लाच्या पुढे सात शेळ्या झाल्या. तिचं लुगडं, तिची चप्पल, तिचं दुखलंखुपलं सगळं त्या शेळ्यांवर निघायचं. माझ्यापुढे तिने कधी हात पसरला नाही, आणि बहीण सांभाळतो हे मात्र मी चारचौघांत ऐटीत सांगायचो.

डोंगर तेव्हा उघडाबोडका होता. बहात्तरच्या दुष्काळात लोकांनी आधी झाडं नेली, मग बुंधे उकरून नेले, शेवटी मुळंही नेली. त्यानंतर चार वर्षांनी की पाच, गावच्या म्हाताऱ्या सुताराने एके दिवशी पारावर सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं की तो दुकान बंद करतोय. औताला लागणारं बाभळीचं लाकूड आणायला त्याला सिन्नरला गाडी न्यावी लागे. ज्या गावात औताला लाकूड नाही त्या गावाला सुतार कशाला, असं त्याचं म्हणणं होतं. म्हातारा हट्टी होता. लोकांनी आधी हसण्यावारी नेलं. मग नांगरणीच्या तोंडावर कुणाचा तरी नांगर मोडला आणि सुताराने खरोखरच हात लावायला नकार दिला, तेव्हा बैठक भरली, डोंगरावर पुन्हा झाडं लावायचं ठरलं आणि सुताराला पुढे घालून एक कमिटी झाली.

काम कसं झालं ते मी थोडक्यात सांगतो, कारण त्यात मी फारसा नव्हतो. लोकांनी आठवड्यातून एक दिवस काढून डोंगराला आडवे चर खणले. चरांच्या बांधावर निंब, करंज, सीताफळ, बोर टोकलं. काही रोपं सरकारी रोपवाटिकेतून आली. उन्हाळ्यात बायकांनी डोक्यावर हंडे नेऊन ती जगवली. आणि सगळ्यात अवघड गोष्ट म्हणजे डोंगरावर चराई बंद झाली. ज्यांच्याकडे शेळ्या होत्या त्यांच्या पोटावर पाय आला. बौद्धवस्तीत घरटी शेळ्या होत्या आणि शेत कुणालाच नव्हतं, त्यांना सगळ्यात जास्त झळ बसली. तरी त्यांनी चर खणले. आक्काही खणायला जायची. बांधाबांधाने, ओढ्याच्या कडेने शेळ्या फिरवून तिने तीन वर्षं काढली. सातांच्या चार राहिल्या.

तिसऱ्या पावसाळ्यानंतर डोंगरावर गुडघाभर गवत उभं राहिलं. पवना, मारवेल, असली आम्ही नावंच विसरून गेलेली गवतं. दसरा झाल्यावर ते कापायचं ठरलं आणि भांडणाला तोंड फुटलं. बागायतदार म्हणाले, ज्याची जनावरं जास्त त्याला जास्त गवत. बौद्धवस्तीतले एक शिक्षक कमिटीवर होते. ते शांतपणे म्हणाले की मग शेळ्या विकून झाड जगवणाऱ्याच्या तोंडाला पानंच पुसली की. दोन बैठका त्यातच गेल्या. तिसऱ्या बैठकीत सुतार म्हणाला की चूल बघा, मोठ्या घरालाही एक आणि लहान घरालाही एक. जी चूल पेटते तिला एक विळा, त्या विळ्याला दिवसाला एक भारा. गवत कापून डोक्यावर आणायचं, जनावर वर न्यायचं नाही.

मला ते फारच आवडलं. कमिटीचा लेखनिक मीच होतो. मी ठराव लिहिला: दर चुलीमागे एक विळा. वाचून दाखवल्यावर मागे बसलेल्या बायकांमध्ये हशा पिकला. चुलीमागं विळा नसतो, राख असती, असं कुणीतरी म्हणाली. मी तिकडे लक्ष दिलं नाही. शिक्षक मात्र म्हणाले, "चूल म्हणजे नेमकं काय, तेही खाली लिहा." मी त्यांना सांगितलं की चूल म्हणजे चूल, शेंबड्या पोरालाही कळतं. ते म्हणाले, बरं.

विळे सुरू झाले. आमच्या घरचा विळा अर्थात बायकोच्या हाती. दोन बैल आणि एक गाय, त्यांनाच एक भारा पुरत नव्हता. आक्काच्या शेळ्या दावणीला तोंड वर करून उभ्या असत. चार-पाच दिवसांनी मी सायकल पुसत असताना आक्का जवळ आली आणि म्हणाली की कमिटीत सांगून मला एक वेगळा विळा मिळवून दे, नाहीतर या बाजाराला दोन शेळ्या काढाव्या लागतील. आणि दोन काढल्या की उरलेल्या दोहोंवर काही निघत नाही, म्हणजे चारही गेल्याच. तिने हे सगळं हिशेबीपणाने, एखाद्या परक्या बाईचं सांगावं तसं सांगितलं.

मी तिला नियम समजावून सांगितला. आपल्या घरात चूल एक, म्हणून विळा एक. आणि ज्याने नियम लिहिला त्यानेच मोडला तर गाव काय म्हणेल. हे बोलताना मला बरं वाटत होतं, हे मला आजही आठवतं. आक्काने मान हलवली. चूल एक म्हणून विळा एक, एवढंच तिने पुन्हा विचारून पक्कं करून घेतलं आणि ती गेली.

दुसऱ्या दिवशी पडवीत शेळ्यांच्या शेजारी तीन दगड आले. त्यावर माती थापून, पोतेरं फिरवून तिने चूल घातली. बायकोने मला सांगितलं तेव्हा मला वाटलं, अंघोळीच्या पाण्यासाठी असेल. रविवारी आम्ही कमिटीचे लोक पारावर बसलो होतो तिथे आक्का आली. डोक्यावरचा पदर नीट केला आणि माझ्याकडे न बघता सुताराला म्हणाली, "माझी चूल येगळी हाय. वहीत माझा विळा घ्या."

वही माझ्या मांडीवर होती. आमच्या बोलीत चूल वेगळी होणं म्हणजे दुसरीकडे स्वयंपाक करणं नव्हे. चूल वेगळी झाली की घर फुटलं. आधी चुली वेगळ्या होतात, मग बैल, मग शेत, मग म्हातारा बाप कुणी सांभाळायचा त्यावर पंच बसतात. भावाभावांची चूल वेगळी झाली तर लोक हळहळतात. पण सासरहून परत आलेल्या बहिणीची चूल वेगळी झाली, याचा एकच अर्थ होतो. भावाने तिला वेगळं काढलं. चार माणसं माझ्याकडे त्याच नजरेने बघत होती.

मी हसलो. गवतापुरतं आहे, असं म्हणालो. शिक्षकांनी हळूच विचारलं की नियमात बसतं का. बसत होतं. मी आक्काचा विळा लिहिला. घरी आल्यावर मी तिच्याशी दोन दिवस बोललो नाही. मनातून मला तिचा भयंकर राग आला होता. माझीच ओळ माझ्याच तोंडावर मारली, असं वाटत होतं.

मला वाटलं होतं की चूल नावापुरती घालेल आणि जेवायला आत येईल. ती आली नाही. आमच्या शेतात राबल्याबद्दल तिने बायकोकडून मजुरीची बाजरी मागून घेतली, दुसऱ्या बायांना देतो तेवढीच, वर मूठभर जास्त घातली तर ती काढून ठेवली. मी बायकोला म्हणालो की ही जरा अतीच करतेय. बायको बाजरी पाखडत राहिली. मी मात्र भेटेल त्याला सांगत सुटलो. फाट्यावर सायकल लावताना, एस.टी.त शेजारी बसलेल्याला, एकदा तर नाशिकच्या द्वारका चौकात बाजारासाठी उतरलो तेव्हा तिथे भेटलेल्या गाववाल्यालाही न विचारता सांगितलं की ते गवतापुरतं आहे बरं का.

लोकांना माझी लाज दिसली नसावी. त्यांना युक्ती दिसली. पुढच्या वर्षी दसऱ्याच्या आधीच पारावर रांग लागली. बाप सांगायचा, थोरल्याची चूल वेगळी झाली. सासू सांगायची, सुनेचं आणि माझं पटत नाही, आणि सून मागे उभी राहून तोंडात पदर कोंबून हसायची. एका घरात तर नवरा-बायकोनेच दोन चुली मांडल्या. मी लिहीत गेलो, कारण चूल म्हणजे चूल असं मीच सांगून बसलो होतो.

शेवटी कमिटीने घरोघर जाऊन चुली तपासायचं ठरवलं. सुतार पुढे, मी वही घेऊन मागे. म्हातारा प्रत्येक चुलीच्या राखेत हात घालून बघायचा, ऊब आहे का. बऱ्याच नव्या चुलींना धुराचा डागही नव्हता. एका घरी दोन चुलींना मिळून तवा एकच होता आणि आम्ही पहिल्या चुलीपाशी असताना तो मागच्या दाराने दुसऱ्या चुलीवर गेला. एका घरी नव्या चुलीत कोंबडी अंड्यांवर बसली होती. घरधनी म्हणाला, आज आमचा उपास आहे. सुतार हसला नाही. मीही हसलो नाही, पण आता सांगताना हसू येतं.

तपासणीचा परिणाम भलताच झाला. चूल पेटलेली नसेल तर विळा कापला जाईल म्हटल्यावर लोक दोन्ही चुली रोज पेटवायला लागले. डोंगरावरून फक्त वाळलेल्या, खाली पडलेल्या काटक्या आणायची परवानगी होती. त्या संपल्या. मग बायका हिरवी फांदी अर्धी मोडून लोंबत ठेवायच्या आणि आठवड्याने जाऊन वाळलेली म्हणून घेऊन यायच्या. त्यातही नियम कुठे मोडत नव्हता. आणि काही घरांत खोट्या चुली खऱ्या झाल्या. वेगळं शिजवता शिजवता मीठ वेगळं झालं, मग बोलणं वेगळं झालं. त्या हसणाऱ्या सुनेचा नवरा पुढे बायको-मुलांना घेऊन सिन्नरच्या कारखान्याच्या बाजूला राहायला गेला आणि सासू एका चुलीपाशी एकटी उरली.

एका सकाळी सुतार मला डोंगरावर घेऊन गेला. माझी सुट्टी होती. वरून गाव दिसत होतं. पूर्वी छपरागणिक एक धूर निघायचा, आता बहुतेक छपरांतून दोन निघत होते. म्हातारा खाली बसला. मग म्हणाला, "झाडं लावली आपण आन् चुलीबी आपणच लावल्या." माझ्यावर आरोप केला नाही, हे त्याचं मोठेपण. त्याने नुसती शेजारच्या करंजाची मोडून ठेवलेली फांदी हाताने वर उचलून धरली, जणू ती परत चिकटणार होती. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं की हा डोंगर माझ्या एका ओळीने पुन्हा बोडका होऊ शकतो.

पुढच्या बैठकीत शिक्षक बोलले. मी तेव्हाच सांगितलं होतं, असं ते म्हणाले नाहीत. म्हणाले की चुली मोजणं सोडा, हात मोजा. जी बाई कापायला येईल तिचा विळा, मग ती कुणाच्याही घरात जेवत असो. भारा थोडा लहान करा म्हणजे सगळ्यांना पुरेल. बागायतदारांनी नाक मुरडलं, पण धूर त्यांनाही दिसत होता. ठराव मीच लिहिला. या वेळी शिक्षकांना आधी दाखवला आणि त्यांनी सांगितलं तिथे दोन शब्द वाढवले.

पंधरा दिवसांत गावातल्या निम्म्या चुली मोडल्या. लोकांनी माती उकिरड्यावर टाकली, दगड परत जागच्या जागी गेले. धूर कमी झाला. मीही वाट बघत होतो. पडवीतली चूल मात्र रोज पेटत होती. मला वाटलं, आक्काला नवा नियम नीट कळला नसेल. कुणी समजावून सांगितला नसेल.

म्हणून एका संध्याकाळी कामावरून आलो तो सायकल लावून सरळ पडवीतच गेलो. अजून उजेड होता. शेळ्या पाला खात होत्या, त्या पुन्हा सहा झाल्या होत्या. आक्का परातीत बाजरीचं पीठ भिजवत होती. मी शेजारी बसलो आणि तिला सांगितलं की आता विळा चुलीवर नाही, तुझा विळा तुझाच आहे, कुठेही जेवलीस तरी राहील. तेव्हा उद्यापासून आत जेवायला ये. गावात झालं ते झालं, मी मनात काही धरलेलं नाही, असंही म्हणालो. हे शेवटचं वाक्य बोलायला मी फाट्यापासून तयारी करत आलो होतो.

आक्काने भाकरी थापून तव्यावर टाकली, वरून पाण्याचा हात फिरवला.

"गवतासाठीच मांडली व्हती, ते खरं हाय," ती म्हणाली. "तुझ्या घरात म्या कधी उपाशी नाय राह्यले, भाऊ. तसं मनात आणू नको. पण सगळ्यांचं झाल्यावर टोपल्यात राहील तेवढीच माझी भूक. अकरा वर्सं मला ठावंच नव्हतं मला किती लागतं. हितं बसल्यावर कळलं. मला अडीच भाकरी लागत्यात."

मी काहीतरी बोलणार होतो. भावजयीला सांगायचं होतंस, किंवा मला सांगायचं होतंस, असलं काहीतरी. मग माझ्या लक्षात आलं की माझी बायको किती भाकरी खाते, हेही मला कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. केंद्रातल्या भांडारातला प्रत्येक खिळा मला ठाऊक होता. मला फार लाज वाटली, आणि ती झाकायला या वेळी कुठलं वाक्य सापडलं नाही.

भाकरी फुगली. आक्काने ती तव्यावरून काढली, ताटलीत चटणी घेतली आणि माझ्यासमोर बसून खायला लागली. माझ्यापुढे सरकवली नाही, विचारलंही नाही. सावकाश खात होती. मधे उठून दुसरी टाकली, ती भाजली, मग तीही खाल्ली. मला दिवसभराच्या कामाची, प्रवासाची भूक लागली होती आणि आत माझं ताट वाढायला बायको थांबलेली होती. पण मी उठलो नाही.

पीठ तीन भाकऱ्यांचं होतं. तिसरी झाली तेव्हा तिने ती मधोमध मोडली, अर्धी स्वतःला घेतली आणि उरलेली अर्धी मला दिली.